क्लोन फोटोत भिंत सरकते, दार दुहेरी दिसतं, रंग अर्ध्यात बदलतो : नेमकं कुठे चुकतं आणि काय करायचं

“मॅडम, फोटो काढताना काहीच हललं नव्हतं. पण आता एकावर एक ठेवले तर भिंतच सरकलीय!”

मी नाशिकमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि शनिवारी फोटोग्राफीचा छंदवर्ग घेते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ही तक्रार ठरलेली. सुट्टीत मुलांना क्लोन फोटो करून आणायला सांगितलेला असतो. म्हणजे एकच मुलगी एका फोटोत चार-पाच ठिकाणी: इकडे पायरीवर बसून अभ्यास करतेय, तिकडे स्वतःचीच वेणी ओढतेय. कॅमेरा न हलवता प्रत्येक पोझचा वेगळा फोटो काढायचा आणि मग संगणकावर ते सगळे एकात जोडायचे. कुणी हवेत तरंगणारा भाऊ करून आणतो. कल्पना एकाहून एक सरस असतात. मग हे फोटो लेयर म्हणून, म्हणजे थरांसारखे, एकमेकांवर ठेवले की दाराची चौकट दोनदा दिसते, भिंत अर्धी पिवळट आणि अर्धी निळसर होते, आणि मास्कची, म्हणजे थराचा नको तो भाग झाकणाऱ्या पडद्याची, कडा डोळ्यांत खुपते.

यावर मुलं काय करतात, तर ब्रश मऊ करून ती कडा पुसत बसतात. तास-दोन तास जातात, माणसाच्या भोवती धुरकट कडं तयार होतं आणि शेवटी “मला एडिटिंग जमत नाही” असं म्हणून फाइल बंद होते. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण एडिटिंगमध्ये त्या मुलाची काही चूक नसते. हे दुखणं बहुतेक वेळा फोटो काढतानाच्या त्या पाच मिनिटांतलं असतं. आणि कुठल्या मिनिटाला काय बिघडलं, ते फोटो स्वतःच सांगतात. फक्त त्यांना विचारायची रीत माहीत हवी.

आधी निदान : डिफरन्स लावून बघा

गिम्प, फोटोपी किंवा फोटोशॉप, फोटो एडिट करायचा जो प्रोग्रॅम वापरत असाल त्यात दोन फोटो दोन लेयर म्हणून उघडा. गिम्पमध्ये त्यासाठी ‘ओपन अॅज लेयर्स’ आहे. वरच्या लेयरचा ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्या लेयरमध्ये कसा मिसळतो ते, ‘नॉर्मल’ असतो, तो बदलून ‘डिफरन्स’ करा. आता प्रोग्रॅम प्रत्येक पिक्सेलची वजाबाकी करतो. दोन्ही फोटोंत जे तंतोतंत सारखं आहे ते काळं होतं, जे वेगळं आहे तेवढंच उजळतं. सगळं जुळलेलं असेल तर काळ्या पडद्यावर फक्त माणूस दिसतो, एकदा इथे आणि एकदा तिथे.

आठवीतल्या एका मुलीचा फोटो आम्ही असाच उघडला होता. शाळेचा व्हरांडा, मागे सूचनाफलक, डावीकडे खांब. नॉर्मल मोडमध्ये दोन्ही फोटो अगदी सारखे दिसत होते, तीही तेच सांगत होती. डिफरन्स लावल्याबरोबर काळ्यावर सूचनाफलकाची चौकट उमटली, रांगोळीच्या बारीक रेघेसारखी. त्यातले टाचणीने लावलेले कागद, प्रत्येकाची एकच बाजू उजळलेली. खांबाची रेघ मात्र बोटभर जाड. फोटो मधोमध जवळजवळ काळा होता आणि कडांकडे जावं तशा रेघा जाड होत गेल्या होत्या. तिने दोन मिनिटं टक लावून पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, हा फोटो मोठा झालाय. सरकला नाहीये.”

अगदी बरोबर होतं तिचं. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तिने रेघांवरून ओळखलं.

या रेघा कशा वाचायच्या ते सांगते. सगळीकडे सारख्या जाडीच्या, एकाच बाजूला उमटलेल्या रेघा असतील तर कॅमेरा सरळसोट सरकलाय, बाजूला किंवा खाली. मधे काळं आणि कडांना जाड, म्हणजे चित्राचा आकार बदललाय. एक कोपरा जुळतोय आणि समोरचा जुळत नाही, तर ट्रायपॉडचं डोकं जरासं फिरलंय. रेघा अजिबात नाहीत पण सगळी भिंत राखाडी किंवा रंगीत उजळलीय, तर जागा बरोबर आहे, प्रकाश किंवा रंग बदललाय. आडवे पट्टे दिसले तर ट्यूबलाइटकडे संशयाने बघा. आणि सावलीतले कोपरे आणि आभाळ एवढेच ठिगळासारखे उजळले असतील तर ते मोबाइलच्या एचडीआरचं, म्हणजे गडद आणि उजळ भाग आपोआप सावरणाऱ्या सोयीचं, काम आहे. झाडाची पानं, पडदा, झेंडा उजळला तर दुर्लक्ष करा, तो वारा आहे.

आता एकेक दुखणं घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण काही एका ओळीत सुटतात.

कॅमेरा सरकला

मुलं ट्रायपॉडवर मोबाइल लावतात आणि स्क्रीनवरचं बटण बोटाने दाबतात. तिथेच गडबड होते. स्वस्त ट्रायपॉडचा मोबाइल पकडणारा चिमटा स्प्रिंगचा असतो, आणि प्रत्येक दाबाबरोबर मोबाइल केसभर खाली झुकतो. एकदा दाबल्यावर कळत नाही, पाचव्या फोटोपर्यंत वीस-पंचवीस पिक्सेलचा फरक पडलेला असतो. उपाय साधा: टायमर लावा, किंवा शे-दोनशे रुपयांत मिळणारं ब्लूटूथ रिमोट घ्या. बऱ्याच मोबाइलमध्ये वायरच्या इयरफोनवरचं आवाज वाढवायचं बटण दाबूनही फोटो निघतो. घरात जुना इयरफोन पडलेला असतोच.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, त्यानेच सगळ्यात जास्त डुलतं. पाय मातीत असतील तर खाली फरशीचे तुकडे ठेवा. दप्तर टांगून वजन द्यायला हरकत नाही, पण ते जमिनीला टेकलेलं हवं. वाऱ्यावर हलणारं दप्तर ट्रायपॉडलाही हलवतं.

ट्रायपॉड नसेल तरी काही अडत नाही. जुन्या उशीच्या अभ्र्याची छोटी पिशवी शिवा, तीत वाळू किंवा किलोभर तांदूळ भरा, तोंड शिवून टाका. स्टुलावर ही पिशवी ठेवून तिच्यात मोबाइल दाबून बसवला की तो हलत नाही. कितीतरी ट्रायपॉडांपेक्षा मला ही पिशवी भरवशाची वाटते.

मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर लेन्सवरचं स्टॅबिलायझेशनचं बटण बंद ठेवा. हाताची थरथर सावरायला ते आतली भिंगं सरकवतं, आणि आपल्याला नेमकं तेच नको असतं.

चित्राचा आकारच बदलला

हे सगळ्यात फसवं दुखणं आहे. ट्रायपॉड खडकासारखा, रिमोट हातात, तरी चित्र लहान-मोठं होतं. त्या आठवीतल्या मुलीचं हेच झालं होतं. याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिलं कारण फोकस. लेन्स लांबच्या वस्तूवरून जवळच्या वस्तूवर फोकस करते तेव्हा आतली भिंगं पुढेमागे होतात आणि त्याबरोबर किती दृश्य मावतं तेही किंचित बदलतं. याला फोकस ब्रीदिंग म्हणतात, जणू लेन्स श्वास घेते. पहिल्या फोटोत मुलगी फलकाजवळ उभी होती, तिसऱ्या फोटोत कॅमेऱ्यापासून चार फुटांवर पायरीवर बसली होती. दर वेळी फोकस तिच्या चेहऱ्यावर गेला आणि दर वेळी मागचा फलक वेगळ्या आकाराचा आला. शिवाय जवळ फोकस केल्यावर फलक धूसरही झाला. म्हणजे नुसता आकार जुळवून भागलं नसतं.

दुसरं कारण नव्या मोबाइलांचं. मागे दोन-तीन कॅमेरे असतात आणि त्यातला कुठला वापरायचा हे मोबाइल परस्पर ठरवतो. वस्तू फार जवळ आली की तो गुपचूप अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्यावर जातो आणि त्याचंच चित्र कापून दाखवतो. अंधार पडला की टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारा कॅमेरा) सोडून मुख्य कॅमेऱ्याचं चित्र मोठं करून देतो. स्क्रीनवर ‘२×’ तेच लिहिलेलं राहतं, लेन्स मात्र दुसरी असते.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. गॅलरीत फोटो उघडून त्याची माहिती बघा. मोबाइलच्या बहुतेक लेन्सचं छिद्र ठरलेलं असतं, ते लहान-मोठं होत नाही. त्यामुळे एका फोटोत एफ १.८ आणि दुसऱ्यात एफ २.२ लिहिलेलं दिसलं तर समजा, लेन्स बदलली. त्या मुलीच्या पाचही फोटोंत आकडा एकच होता, म्हणून आम्हाला कळलं की लेन्स बदललेली नाही, दोष फोकसचा आहे.

उपाय: क्लोन फोटोला ‘१×’ सोडून कुठेही जाऊ नका, आणि मॅक्रोचा, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायचा, आपोआप चालू होणारा पर्याय सेटिंगमधून बंद करा. माणूस जिथे जिथे उभा राहणार त्या सगळ्या जागांच्या साधारण मधल्या अंतरावर फोकस करून तिथे बोट दाबून ठेवा, लॉक झाल्याचं चिन्ह येईपर्यंत. मोठ्या कॅमेऱ्यावर ऑटोने एकदा फोकस घ्या आणि मग लेन्सवरचं बटण ‘एम’कडे सरकवा. एफ ८ च्या आसपास छिद्र ठेवलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही पुरेसं स्पष्ट येतं.

प्रकाश आणि रंग बदलला

एका मुलाने घराच्या गच्चीवर फोटो काढले होते. पाठीमागे फिकट रंगाची भिंत. पहिल्या फोटोत तो लांब उभा, दुसऱ्यात बहिणीची झेंडूसारखी पिवळीधमक ओढणी घेऊन कॅमेऱ्याच्या जवळ. डिफरन्समध्ये एकही रेघ नव्हती, पण सगळी भिंत उजळली होती. आम्ही रंग मोजायचा ड्रॉपर घेतला आणि दोन्ही लेयरमध्ये भिंतीच्या एकाच ठिकाणी टेकवला. पहिल्यात लाल १८६, हिरवा १८०, निळा १६८. दुसऱ्यात लाल १७१, हिरवा १६८, निळा १६६.

हे आकडे नीट वाचा. तिन्ही उतरलेत, म्हणजे फोटो काळपट झालाय. पण लाल पंधराने उतरलाय आणि निळा फक्त दोनने, म्हणजे तो निळसरही झालाय. दोन्ही गोष्टी त्या ओढणीने केल्या. एवढी उजळ वस्तू समोर आल्यावर मोबाइलला वाटलं की प्रकाश जास्त झाला, त्याने तो कमी केला. एवढा पिवळा रंग दिसल्यावर त्याला वाटलं की उजेडच पिवळा आहे, त्याने उलट बाजूला निळा मिसळला. बिचारी भिंत जागच्या जागी होती.

म्हणून ऑटोवर काम करायचं नाही. मोबाइलमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर तिथे तीन गोष्टी हाताने ठरवा: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशेब). व्हाइट बॅलन्स मुलं हमखास विसरतात. ‘प्रो’ नसेल तर निदान बोट दाबून फोकस आणि प्रकाश लॉक करा. तरीही रंगाचा थोडा फरक उरतो, तो नंतर दुरुस्त करता येतो.

इथे एक अडचण अशी की सगळं लॉक करूनसुद्धा साधा फोटो मोड स्वतःची बुद्धी चालवतोच. एक फोटो म्हणून जे दिसतं ते खरं तर पटापट घेतलेल्या अनेक फोटोंची बेरीज असते, आणि चेहरा कुठे आहे, आभाळ कुठे आहे ते बघून मोबाइल प्रत्येक भाग वेगळा उजळवतो. माणूस जागा बदलतो तशी ती उजळणीही बदलते. ठिगळासारखा फरक दिसतो तो यामुळे. एचडीआर, नाइट मोड, ब्यूटी, ‘सीन ऑप्टिमायझर’ असं जे जे सापडेल ते बंद करा. ‘प्रो’मध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) घेता येत असेल तर तीच घ्या, तिच्यात ही लुडबूड सगळ्यात कमी असते.

आणि ऊन. आपल्या आभाळात सूर्य चार मिनिटांना एक अंश सरकतो. पाच पोझ घेता घेता वीस मिनिटं गेली तर तो पाच अंश सरकलाय आणि खांबाची सावली दुसऱ्या फरशीवर गेलीय. मुलांना पोझ ठरवायलाच वेळ लागतो, म्हणून मी त्यांना कागदावर आधी चित्र काढायला लावते. कुठे कोण, काय करतोय, कपडे कुठले. मग प्रत्यक्ष फोटो पाच मिनिटांत उरकतात. ढगाळ दिवस किंवा व्हरांड्याची सावली मिळाली तर उत्तमच. संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर मात्र नको. थंडीच्या दिवसांत तेव्हा उजेड मिनिटागणिक उतरतो.

आडवे पट्टे

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूब किंवा साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. शटर १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फोटोत बरोबर एक पूर्ण लाट सापडते, १/५० ला दोन, १/२५ ला चार. १/२५० ठेवलं तर लाटेचा एखादा तुकडा हाती लागतो, दर वेळी वेगळा. म्हणून घरातल्या दिव्यात १/१०० किंवा १/५०, बस्स. वर्गातले फोटो खिडकीच्या उजेडात घेतले तर दिवे बंदच करून टाका. हा त्रासही जातो आणि दोन रंगांच्या उजेडाची भेसळही टळते.

फोटो काढून झालेत, परत काढता येणार नाहीत

लग्नघरातला फोटो असतो, सहलीतला असतो, गावाला परत गेलेल्या मावसभावाचा असतो. तेव्हा जे हातात आहे त्यातूनच वाट काढायची.

आधी जागा जुळवा. डिफरन्स चालू ठेवूनच वरचा लेयर बाणांच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवा. रेघा पातळ होत जातात, एका क्षणी जवळपास विझतात, तिथे थांबा. आकार बदललेला असेल तर चित्र मध्यबिंदू धरून शंभराचं १०१ टक्के, १०१.५ टक्के असं जरा जरा वाढवून बघा. फोटोशॉप असेल तर ‘ऑटो-अलाइन लेयर्स’ हे काम स्वतः करतं. संगणकाशी थोडी मैत्री असलेल्या मुलांना मी ‘ह्युगिन’ नावाचा फुकट प्रोग्रॅम सांगते. तो मुळात पॅनोरामा जोडण्यासाठी आहे, पण त्याच्याबरोबर येणारं एक छोटं साधन फोटोंचा गठ्ठा एकमेकांवर अचूक बसवून देतं.

मग रंग. भिंतीचे ते आकडे आठवा. ‘कर्व्हज’ या उजेड-रंग बदलायच्या साधनात जाऊन लाल, हिरवा, निळा यांची चॅनेल एकेक करून उघडा: लालमध्ये १७१ च्या ठिकाणी बिंदू धरून १८६ पर्यंत उचला, हिरव्यात १६८ चा १८०, निळ्यात १६६ चा १६८. त्या गच्चीवरच्या मुलाने हे केलं तेव्हा दोन मिनिटांत भिंत काळी झाली, म्हणजे डिफरन्समध्ये विझली. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

आणि आता मास्क, जिथे मुलं सुरुवात करतात आणि जिथे खरं तर शेवटी यायचं असतं. कडा कुठून न्यायची, याचा नियम दुखण्याप्रमाणे उलटा होतो. जागा थोडी जुळत नसेल, तर कडा कोऱ्या भागातून न्या. मोकळी भिंत, आभाळ, मातीचं मैदान. तिथे तुटलेली रेघ दिसायला मुळात रेघच नसते, आणि मोठा मऊ ब्रश चालतो. रंग थोडा जुळत नसेल, तर बरोबर याच्या उलट: कडा खांबाच्या, दाराच्या, भिंतीच्या कोपऱ्याच्या रेषेवरून न्या, बारीक टणक ब्रशने. खांबाच्या दोन बाजूंना भिंतीची छटा वेगळी दिसली तर डोळा ती सावली म्हणून सहज मान्य करतो. कोऱ्या भिंतीवर तोच फरक लगेच दिसतो. ब्रश मऊ की कडक, या एका प्रश्नावर इतके गोंधळ होतात, ते दुखणं न ओळखल्यामुळे होतात.

माणसाच्या अंगाला चिकटून मास्क कापू नका. भोवती हातभर मोकळी जागा सोडा. दोन माणसं एकमेकांवर येत असतील तेवढ्याच जागी बारीक काम करावं लागतं, बाकी सगळीकडे ढोबळ मास्क पुरतो. ते धुरकट कडं येतं ते केस न् केस कापायच्या हौसेमुळे.

सगळं जुळलं, तरी खोटं वाटतं

सावली. बहुतेक वेळा हेच.

माणूस मास्कमध्ये घेतला आणि त्याची जमिनीवरची सावली बाहेर राहिली, की तो चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो. मास्क करताना आधी सावली कुठवर गेलीय ते बघा आणि मग वर माणसाकडे या. घोटलेल्या फरशीवर सावलीबरोबर प्रतिबिंबही असतं. काचेचं कपाट, शोकेस, बाकावरची स्टीलची बाटली, यांच्यातही माणूस दिसतो. एकदा एका फोटोत चार मुलगे आणि काचेत एकच, असं झालं होतं.

तरंगण्याच्या फोटोत सावलीचा त्रास दुप्पट. स्टुलावर मुलगा पालथा झोपतो, मग तोच फोटो स्टूल आणि मुलगा दोन्ही बाजूला करून घेतात आणि मास्कने स्टूल घालवतात. स्टूल जातं, पण त्याच्या पायांची सावली राहते, नाहीतर सगळीच सावली जाते. उजेड बाजूने आणि तिरका येईल अशी वेळ निवडा, सकाळी आठ-साडेआठ. मग अंगाची सावली लांब पडते आणि स्टुलाच्या सावलीपासून बरीचशी सुटी होते. नाहीच जमलं तर नवा लेयर घ्या, मोड ‘मल्टिप्लाय’ (खालचं चित्र गडद करणारा), काळा मऊ ब्रश वीसेक टक्क्यांवर, आणि सावली हाताने रंगवा. माणूस जमिनीपासून जितका वर, तितकी सावली फिकट आणि कडांना पसरट. जेवणाच्या ताटावर हात धरून वर-खाली करून बघा, सगळं कळतं.

आणखी एक खूण पकडली जाते ती कपड्यांची. स्टुलावर पोट टेकलं की सदरा तिथे चपटा होतो, स्टूल काढून टाकल्यावर तो चपटा भाग ओरडून सांगतो की इथे काहीतरी होतं. मैत्रिणीला बाजूला उभं करून सदऱ्याचं टोक, ओढणी, केस खाली सोडलेले असे एक-दोन जादा फोटो घ्या आणि तेवढे तुकडे जोडा. स्टूल घट्ट धरायला खाली कुणीतरी हवंच. आणि कठड्यावर, गच्चीच्या काठावर हा प्रयोग करायचा नाही. अंगणात दोन फूट उंचीवरून जे साधतं तेवढं पुरे आहे.

रिकामा फोटो

हे खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं. माणूस नसलेला, नुसत्या जागेचा एक फोटो सुरुवातीला घ्या आणि एक अगदी शेवटी, ट्रायपॉड उचलायच्या आधी. मास्कमध्ये कुठेही भोक पडलं, कुणी मधून चालत गेलं, सावली चुकली, की हाच रिकामा फोटो ठिगळ लावायला येतो. आणि पहिला व शेवटचा रिकामा फोटो गॅलरीत भराभर मागेपुढे करून बघितले की तिथल्या तिथे कळतं, काही सरकलं का. सरकलं असेल तर अजून सगळे तिथेच आहेत, परत घेता येतं.

फाइल मोबाइलवरून संगणकावर केबलने घ्या. व्हॉट्सॲपने पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की आकार घटतो, बारकावे जातात, लेन्सची आणि शटरची माहितीही पुसली जाते. मग निदान करायला हातात काही उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिथेच अडतात.

मुलं विचारतात, हे सगळं एआयला सांगितलं तर चुटकीसरशी होतं ना? होतं. पण मग तो व्हरांडा तुमच्या शाळेचा राहत नाही, आणि सूचनाफलकावरचे कागद वाचता येत नाहीत. मला त्या कागदांवरची अक्षरं हवी असतात.

वर्गात मी नेहमी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते, कारण ते इथून जेमतेम तीस किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरचे. चित्रपट काढायला भांडवल हवं होतं, आणि या माणसाला हे जमेल हे लोकांना पटवून द्यायचं होतं. म्हणून १९१२ साली त्यांनी कुंडीतलं वाटाण्याचं रोप कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि महिनाभराहून जास्त काळ रोज एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं. कॅमेरा हाताने फिरवायचा होता. महिनाभर कॅमेरा आणि कुंडी जागच्या जागी ठेवायची, उजेड सांभाळायचा, रोज तीच वेळ गाठायची. त्याही आधी, १८५७ साली, इंग्लंडमध्ये छायाचित्रकार ऑस्कर रेजलँडरने तीसहून अधिक वेगवेगळ्या निगेटिव्ह एकाच छायाचित्रात उतरवल्या होत्या. एक छापताना बाकीचा कागद झाकून ठेवायचा. आपला मास्क तो हाच. माउसने चूक झाली तर आपण मागे येतो, त्याला मागे येता येत नव्हतं.

त्या आठवीतल्या मुलीने पुढच्या शनिवारी फोटो परत काढले. दुपारी चारची वेळ, व्हरांड्यात सावली, तांदळाची पिशवी, फोकस खांबाजवळ लॉक, शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने. दोन मैत्रिणी फक्त वाट अडवायला उभ्या होत्या. घेतलेले सगळे फोटो संगणकावर आणून तिने पहिल्यांदा डिफरन्सच लावला, मला न विचारता. पडदा काळा. एकेका फोटोगणिक तिचीच एकेक आकृती, अंधारातून वर आल्यासारखी. आणि सूचनाफलकावर बसलेलं एक कबूतर, जे दुसऱ्या फोटोत आलं होतं आणि चौथ्यात नव्हतं.

“हे ठेवू का?” तिने विचारलं. मग स्वतःच मास्क उघडला आणि कबूतर दोन ठिकाणी बसवलं.